१/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या मुलीला किती गुण द्यावेत?

सायंशाळा | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार. मी इंदूरला रामबागेजवळ राहते आणि संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेते. पाचवी ते सातवीची अकरा मुले येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी माळवी किंवा हिंदी. शाळा काहींची हिंदी माध्यमाची, काहींची इंग्रजी. गेल्या आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज घेतली, तेव्हा दोन गोष्टी घडल्या आणि त्या अजून मनातून जात नाहीत.

सहावीतल्या एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. वरचे वर आणि खालचे खाली मिळवणारी मुले दरवर्षी भेटतात, म्हणून मी सवयीने फुली मारली. तिने काही न बोलता दप्तरातून शाळेच्या चाचणीचा पेपर काढला. पहिला प्रश्न दोन गुणांचा, त्यात तिला एक मिळालेला. समासात लाल शाईने १/२. दुसरा तीन गुणांचा, त्यातही एकच, समासात १/३. पानाच्या डोक्यावर वर्तुळात २/५. "बाईंनी अशीच बेरीज केली आहे. मग त्यांची बरोबर आणि माझी चूक कशी?" असे तिने विचारले आणि मला लगेच उत्तर देता आले नाही.

दुसरा मुलगा सातवीतला. त्याने लसावि सहा काढला, ३/६ + २/६ केले आणि ५/६ हे उत्तर खाली दोन रेघा मारून लिहिले. मी सहज विचारले, की हे उत्तर एकापेक्षा मोठे आहे की लहान. तो म्हणाला, "मोठे. पाच आणि सहा दोन्ही एकापेक्षा मोठे आहेत ना!"

शाळेच्या परीक्षेत या मुलाला पूर्ण गुण मिळतील आणि त्या मुलीला शून्य. दोघांपैकी अपूर्णांक कुणाला अधिक समजला आहे, हे मला सांगता येत नाही. अपूर्णांक समजला आहे की नुसती रीत पाठ झाली आहे, हे ओळखायला तुम्ही मुलांना काय विचारता? आणि तुम्ही असता, तर या मुलीला किती गुण दिले असते?

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री १०.०५

शून्य. गुण उत्तराला असतात, दप्तरातल्या पुराव्याला नसतात.

थोडे विस्ताराने सांगतो. मी छत्तीस वर्षे गणित शिकवले. आधी रीत हातात बसते, समज मागाहून येते, असा माझा अनुभव आहे. आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत असू. औट म्हणजे साडेतीन, हे सांगावे लागते असे दिवस आले आहेत. त्या पाढ्यांचा अर्थ सातव्या वर्षी कोणाला कळत होता? परंतु बाजारात गेल्यावर पाऊण शेराचे दाम तोंडातून आपोआप निघत असत. तुमच्या त्या मुलाला रीत आली आहे. त्याला आणखी शंभर गणिते घाला, म्हणजे पाच-षष्ठांश एकापेक्षा लहान आहे हे त्याचे त्यालाच उमगेल.

दोन_भाषांची_आई | सोमवार, रात्री १०.४०

मास्तर, शंभर गणिते घालण्याआधी मुलाच्या डोक्यात शब्द कोणते आहेत, ते पाहायला हवे. निदान आपल्याकडे तरी.

माझा मुलगा हिंदी माध्यमात आहे आणि गणित त्याला आजी शिकवते. आजींचे शिक्षण मराठीतले, दादरचे. शाळेत अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणतात आणि मराठीत भिन्न म्हणजे वेगळे. इथपर्यंत हसून सोडून देता आले. एके दिवशी त्याला 'विषम भिन्न' ओळखायला सांगितले होते. हिंदीत विषम भिन्न म्हणजे ज्याचा अंश छेदापेक्षा मोठा किंवा त्याच्याइतका असतो तो, म्हणजे आपला अंशाधिक अपूर्णांक. आजींनी खात्रीने सांगितले, की विषम म्हणजे छेद सारखे नसलेले. मुलाने ७/४ सोडून दिला आणि ज्यांचे छेद जुळत नव्हते त्यांना गोल केले. बाईंनी शेरा लिहिला, 'संकल्पना स्पष्ट नाही'. संकल्पना अगदी स्पष्ट होती, फक्त ती दादरची होती.

म्हणून ताई, तुमच्या अकरा मुलांना लेखी प्रश्न घालण्याआधी एकदा तोंडी विचारून घ्या, की हिंदीतला 'हर' म्हणजे काय आणि त्यालाच मराठीत म्हणतात तो 'छेद' म्हणजे काय. चूक गणितातली आहे की भाषेतली, हे वेगळे काढल्याशिवाय पुढचे मूल्यमापन व्यर्थ आहे.

औट_हात | सोमवार, रात्री ११.१५

हर आणि छेद यांचे भांडण नाही, ते एकाच घरातले आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत दोन अपूर्णांकांचे समच्छेद करण्याचा, म्हणजे छेद सारखे करण्याचा, नियम सांगितला, त्यात हर आणि समच्छेद हे दोन्ही शब्द एकाच ओळीत आलेले आहेत. पुढे हिंदीने एक उचलला आणि मराठीने दुसरा. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात दोन्ही हरांना आधी सामाईक भाजकाने भागून घ्या, म्हणजे गुणाकार लहान होतील, अशी सोय सांगितली आहे. आपली लसाविची युक्ती ती हीच.

मास्तरांच्या पावकी-निमकीविषयी मात्र थोडे वेगळे म्हणायचे आहे. पाऊण हा शब्द 'पादोन' वरून आला, म्हणजे पावाने उणे. सव्वा म्हणजे 'सपाद', पावासह. साडे म्हणजे 'सार्ध'. अडीच 'अर्धतृतीय' वरून आला, म्हणजे तिसरा अर्धा. दोन पुरे झाले आणि तिसऱ्यातला अर्धाच घेतला. औट तसाच 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. शब्दातच गणित भरलेले आहे. पण हे सगळे शब्द अर्ध्याचे आणि पावाचे आहेत. आजच्या मराठी बोलीत तृतीयांशाला असा घरगुती शब्द नाही, पंचमांशाला नाही, सप्तमांशाला तर नाहीच. मूल घरून अर्धा, पाव, पाऊण घेऊन येते आणि शाळेत पहिल्यांदा १/३ समोर येतो, तिथे त्याच्या कानाला ओळखीचे काहीच मिळत नाही. ताईंच्या मुलीने १/२ + १/४ केले असते, तर कदाचित तिने 'पाऊण' असेच उत्तर दिले असते. हे विचारून पाहण्यासारखे आहे.

पोहेप्रेमी | सोमवार, रात्री ११.३०

या धाग्यावर एवढ्या उशिरापर्यंत जागणारे लोक सकाळी पोहे-जिलबीला उठणार कसे? अर्धी प्लेट पोहे अधिक एक तृतीयांश प्लेट पोहे असे गणित इंदुरात घालू नका, इथे अर्धी प्लेट कोणी मागत नाही.

रंधा_पटाशी | मंगळवार, सकाळी ७.१०

मागतात, मी मागतो. अर्धी प्लेट दोनदा घेतली, की शेव दोनदा पडते. अर्धा अधिक अर्धा एकाहून जास्त.

आता गंभीरपणे. माझे फर्निचरचे काम आहे. आमच्याकडे इंचाचे आठ सूत. बारा मिलिमीटरच्या प्लायला आम्ही अजून अर्धा इंची किंवा चार सूत म्हणतो, एकोणीसला पाऊण इंची किंवा सहा सूत. सळईचे काम करणारेही दहाच्या सळईला तीन सूत आणि सोळाच्या सळईला पाच सूतच म्हणतात. हाताखाली आलेल्या मुलाला मी कधी 'समच्छेद कर' असे सांगितलेले नाही. अर्धा इंच आणि त्यावर तीन सूत किती झाले, असे विचारले की तो चार आणि तीन सात सूत असे सांगतो. १/२ + ३/८ = ७/८ हेच गणित झाले, पण त्याला ते अपूर्णांकांचे वाटत नाही, कारण दोन्ही मापे त्याने आधीच एका नाण्यात मोडून घेतलेली असतात.

ताईंच्या गणिताची अडचण अशी, की सुतात तृतीयांश बसत नाही. टेपवर इंचाच्या तिसऱ्या भागाची रेघच नसते. अशा वेळी फूट घ्यावा. फुटाचे इंच बारा. अर्धा फूट सहा इंच, तिसरा हिस्सा चार इंच, मिळून दहा. बारापैकी दहा म्हणजेच ५/६. मुलीचे २/५ टेपवर दाखवायचे झाले, तर पाच इंचांच्याही अलीकडे येईल. सहा इंचांची पट्टी हातात असताना तिला आणखी चार इंचांची जोडली आणि एकूण पट्टी पाच इंचांहूनही कमी भरली, असे कारखान्यात कोणी सांगितले तर मी आधी करवत बाजूला ठेवायला सांगेन.

मूल्यमापक | मंगळवार, दुपारी १.२५

रंधा_पटाशी यांनी शेवटी जे सांगितले, तीच खरी कसोटी आहे: उत्तर साधारण किती यावे, याचा अंदाज. मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात आहे, म्हणून थोडा बाहेरचा दाखला देतो. १९७८ साली अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर झालेल्या एका चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ या बेरजेचा नुसता अंदाज विचारला होता आणि १, २, १९, २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक आहेत, म्हणून बेरीज दोनच्या आसपास. हे उत्तर फक्त २४ टक्के मुलांनी निवडले. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे एकतर वरचे आकडे मिळवले किंवा खालचे. यांतल्या पुष्कळ मुलांना कागदावर समच्छेद करता येत असणार. तुमच्या सातवीतल्या मुलाचा हा थोरला भाऊ समजा.

आता 'काय विचारता' या प्रश्नाकडे येतो. मूल चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर देऊ शकेल असा प्रश्न निरुपयोगी असतो, आणि आपल्या प्रश्नपत्रिका अशाच प्रश्नांनी भरलेल्या असतात. उदाहरणार्थ, ४/५ मोठा की २/३? बरोबर उत्तर ४/५. परंतु आकडे मोठे म्हणून अपूर्णांक मोठा, असे समजणारे मूलही ४/५ च सांगेल. तुम्ही बरोबरची खूण कराल आणि दोघेही निर्धास्त राहाल.

त्याऐवजी तीन जोड्या एकत्र द्याव्यात: ३/८ आणि ३/५, १/४ आणि ५/६, ५/६ आणि ७/८. प्रत्येक जोडीत मोठा कोणता, की दोन्ही सारखे, एवढेच विचारायचे. आकडे मोठे तो मोठा, असे मानणारे मूल पहिल्या जोडीत चुकते आणि पुढच्या दोन बरोबर सोडवते. ज्याने 'छेद लहान तर अपूर्णांक मोठा' एवढेच पाठ केले आहे, ते पहिली बरोबर सोडवते आणि पुढच्या दोन्ही चुकते. तिसरा प्रकार फार गोड असतो. ते मूल अंश आणि छेद यांच्यातले अंतर पाहते. ५/६ मध्ये एक कमी, ७/८ मध्येही एक कमी, म्हणून दोन्ही सारखे! ते पहिल्या दोन बरोबर सोडवून फक्त तिसऱ्या जोडीत अडकते. एकूण गुण मोजले, तर पहिल्या आणि तिसऱ्या मुलाला सारखेच, तीनपैकी दोन मिळतात. चूक कुठे झाली ते पाहिले, तर दोघे पूर्ण वेगळे आहेत आणि त्यांना शिकवायचेही वेगळेच आहे.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी ४.००

जोड्या उत्तम आहेत, वहीत उतरवून घेतल्या. परंतु ताईंकडे अकरा मुले आहेत, माझ्या वर्गात बेचाळीस असत. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी. प्रत्येकाच्या मनात काय चालले आहे हे विचारत बसलो असतो, तर दशांश अपूर्णांक पुढच्या वर्षीच्या शिक्षकाने शिकवले असते. त्यातून पालक विचारतात, पैकीच्या पैकी का नाहीत. समज मोजायला कुणाचाच नकार नाही, पण ती पेपरात मोजायची कशी ते सांगा.

नर्मदेपलीकडचा | मंगळवार, रात्री ८.५०

मास्तर, पेपरातही मोजता येते, पण मग पेपर बदलावा लागतो. मी ऐंशीच्या दशकात होशंगाबाद जिल्ह्यातल्या, आताच्या नर्मदापुरमच्या, एका माध्यमिक शाळेत होतो. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ ते २००२ या काळात मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत चालला, त्याची परीक्षा आम्ही घेत असू. तो विषय विज्ञानाचा होता हे कबूल, परंतु परीक्षेची पद्धत गणितालाही लागू पडते. मुले पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन परीक्षेला बसत, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. पुस्तक उघडे आहे म्हटल्यावर 'व्याख्या लिहा' हा प्रश्न आपोआप मरतो. प्रश्न काढणाऱ्यालाच डोके खाजवावे लागते.

अपूर्णांकांसाठी असा पेपर काढायचा, तर रीत फळ्यावर लिहून ठेवावी आणि मग असे विचारावे: 'एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले आहे. गणित न सोडवता हे उत्तर बरोबर असू शकेल का, ते दोन वाक्यांत सांगा.' बेचाळीस पेपरांतली दोन-दोन वाक्ये वाचायला एका तासाहून अधिक वेळ लागत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

शून्य_शिल्लक | मंगळवार, रात्री ९.३०

सगळे जण मुलीची चूक कशी पकडायची ते सांगत आहेत. ती ज्या प्रश्नावर अडली आहे, त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. तिच्या बाईंनी केलेली बेरीज चुकीची आहे का?

चुकीची नाही. होळकर स्टेडियमवर एखाद्याने पहिल्या सामन्यात दोनपैकी एक झेल घेतला आणि दुसऱ्यात तीनपैकी एक, तर त्याने एकूण पाचपैकी दोन झेल घेतले. तिथे समच्छेद करून ५/६ म्हणणारा वेडा ठरेल. गुणांचेही तसेच. पहिल्या १/२ मधला 'पूर्ण' दोन गुणांचा आहे, दुसऱ्यातला तीन गुणांचा, आणि उत्तरातला पाच गुणांचा. तीन ठिकाणी तीन वेगळी पूर्णे. पुस्तकातल्या १/२ + १/३ मध्ये मात्र तिन्ही ठिकाणी पूर्ण एकच आहे, आणि ही अट पुस्तक कुठेच मोठ्याने सांगत नाही, गृहीत धरते.

याचा अर्थ मुलीने एक खरी, रोजच्या वापरातली क्रिया केली. फक्त ती जिथे लागू नव्हती तिथे केली. दोष द्यायचाच, तर आपल्या लिहिण्याच्या सवयीला द्यावा. 'पाचपैकी दोन' आणि 'दोन-पंचमांश' या दोन्ही गोष्टी आपण एकाच तिरप्या रेघेने लिहितो आणि मुलांनी आपोआप फरक ओळखावा अशी अपेक्षा करतो.

वडीचे_ताट | बुधवार, सकाळी ११.१०

शून्य_शिल्लक यांचे म्हणणे स्वयंपाकघरात आणते. 'पूर्ण कोणते' हा प्रश्न आमच्याकडे रोजचाच. एक वाटी डाळीला पाऊण वाटी गूळ म्हटले, की सून विचारते, कोणती वाटी?

शिकवण्यासाठी पोळी वापरू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगते. पुस्तकांत सगळीकडे गोल चित्रे असतात आणि गोलाचे अर्धे नि पाव सोडले, तर सारखे तीन किंवा पाच भाग मोठ्या माणसालाही करता येत नाहीत. मुले मग पोळीवर तीन उभ्या रेघा मारतात आणि कडेच्या तुकड्यालाही एक चतुर्थांश म्हणतात. त्यापेक्षा चौकोनी ताटात वडी थापा. एका बाजूने मधोमध एक काप द्या, म्हणजे अर्धे. दुसऱ्या बाजूने दोन काप द्या, म्हणजे तृतीयांश. दोन्हीकडून कापले की सहा वड्या होतात. अर्ध्या ताटाच्या तीन, तिसऱ्या हिश्श्याच्या दोन. लसावि हा शब्द उच्चारावाच लागत नाही, सुरीच तो काढते.

औट_हात | बुधवार, दुपारी १२.००

वडीचे_ताट, सुरीआधी हे काम पै करत असे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. सोळाला तिनाने भाग जात नाही, तरीही आजोबा रुपयाचा तिसरा हिस्सा बिनचूक सांगत: पाच आणे चार पै. अर्धा रुपया आठ आणे. दोन्ही मिळून तेरा आणे चार पै, म्हणजे रुपयाचा बरोबर ५/६. बारा पैंमुळे तिनाची सोय झाली होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि शंभर पैशांत तृतीयांश पुन्हा बसेनासा झाला. हिशेब सोपा झाला, अपूर्णांक मात्र बाजारातून उठला.

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी ३.३०

औट_हात, हे वाचून बरे वाटले, पण प्रामाणिकपणे सांगतो, की तेरा आणे चार पै मला पाठ होते. तो ५/६ आहे हे आज पहिल्यांदा डोक्यात आले. रीत आधी आणि समज मागाहून, असे मी वर लिहिले आहे. मागाहून म्हणजे एवढ्या मागाहून, असे मला म्हणायचे नव्हते.

मूल्यमापक | बुधवार, सायंकाळी ६.४५

मास्तर, आपण सगळेच त्या नावेत आहोत. लीपिंग मा या संशोधिकेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना १ ३/४ ÷ १/२ हे गणित दिले आणि त्यावर एखादी गोष्ट रचायला सांगितली. चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले आणि बहुतेकांना अर्थाला धरून गोष्ट रचता आली. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांनाही गणित पूर्ण सोडवता आले नाही, आणि योग्य गोष्ट एकालाच रचता आली. पुष्कळांची गोष्ट 'पावणेदोन पदार्थ दोघांत वाटले' अशी होत होती. ती अर्ध्याने भागण्याची गोष्ट नव्हे, दोनाने भागण्याची आहे.

मी हे गणित एका प्रशिक्षणवर्गात घातले होते. उलटा आणि गुणा, हे सर्वांना येत होते. गोष्ट रचा म्हटल्यावर चहा येईपर्यंत शांतता होती.

दोन_भाषांची_आई | बुधवार, सायंकाळी ७.३०

पावणेदोन मीटर कापड आहे, एका पिशवीला अर्धा मीटर लागतो, तर किती पिशव्या होतील? साडेतीन. उत्तर औट आले, मास्तर खूश होतील. आता अर्धी पिशवी कोण विकत घेणार, ते शोधा.

पोहेप्रेमी | बुधवार, सायंकाळी ७.३५

ज्याला शेव दोनदा हवी असते तो.

सायंशाळा | पुढचा शनिवार, रात्री ९.५०

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तुम्ही सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

मूल्यमापक यांच्या तीन जोड्या अकरा जणांना दिल्या. तिन्ही जोड्या तिघांच्या बरोबर आल्या. सातवीतला तो मुलगा पहिल्याच जोडीत चुकला आणि बाकीच्या दोन बरोबर सोडवल्या, म्हणजे आकडे मोठे तो मोठा. दोन मुली 'एकच कमी आहे, म्हणून सारखे' या गटातल्या निघाल्या. त्यांच्याविषयी मला आजवर कसलीच शंका आली नव्हती, कारण त्यांच्या वह्या सर्वांत स्वच्छ असतात. एका मुलाला 'हर' म्हणजे 'प्रत्येक' एवढेच ठाऊक होते, त्यामुळे 'हर समान करा' याचा अर्थ प्रत्येक गोष्ट सारखी करा, असा त्याने लावला होता. दोन_भाषांची_आई, तुमचे आभार.

औट_हात यांनी सुचवल्याप्रमाणे त्या मुलीला १/२ + १/४ तोंडी विचारले. तिने क्षणात पाऊण सांगितले. तेच कागदावर लिहायला दिले, तर २/६ लिहिले. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून मी गप्प बसले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बोलण्यातले बरोबर आहे, लिहिण्यातले गुणांचे आहे."

मग मी तिला विचारले, की अर्ध्यात आणखी काही मिळवले तर उत्तर अर्ध्याहून कमी येईल का. मला वाटले, आता ती आपली चूक कबूल करील. ती म्हणाली, "येते ना. पहिल्या प्रश्नानंतर माझे अर्धे गुण होते, दुसऱ्यानंतर अर्ध्याहून कमी झाले." तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि पुन्हा मीच निरुत्तर झाले.

काल वडी थापली. सहा वड्या कापल्या, अर्ध्या ताटाच्या तीन आणि तिसऱ्या हिश्श्याच्या दोन तिच्याकडून उचलवल्या. पाच-षष्ठांश तिने स्वतः सांगितले. त्यानंतर आपला जुना पेपर पुन्हा काढला, ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "गुणांमध्ये प्रत्येक प्रश्नाला नवीन ताट येते. इथे ताट एकच आहे."

सातवीतला मुलगा शेजारी बसून हे ऐकत होता. त्याने विचारले, की ताटात एक वडी उरली आहे, तर मग ५/६ एकापेक्षा मोठा कसा असेल. हे त्याने मला विचारले नाही, तिला विचारले.

निवृत्त_मास्तर | शनिवार, रात्री १०.२०

सगळे छान झाले, पण मूळ प्रश्न राहिला. गुण किती दिले?

सायंशाळा | शनिवार, रात्री १०.३०

तीनपैकी दोन दिले, मास्तर. एक कापला, कारण लेखी उत्तर चुकलेच होते. शेरा अक्षरांत लिहिला, 'तीनपैकी दोन'. तिरपी रेघ मारायचा धीर झाला नाही.

निवृत्त_मास्तर | शनिवार, रात्री १०.४०

मी अडीच दिले असते.